संघ कोणाच्या नावाचा?
फुटबॉलचा इतिहास आणि आपली वस्ती

(समाजाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि सारी हयात मुलांना शिकविण्यात गेली. तेव्हा आमच्याकडून पांडित्याची अपेक्षा कोणी करू नये. परंतु वर्ग सुटल्यावर मुले जेथे पळत जातात त्या मैदानाकडे आम्ही नेहमी कुतूहलाने पाहत आलो, आणि फळ्यासमोर न उमगलेला मुलाचा स्वभाव तेथे सहज उमगतो असा आमचा अनुभव आहे. आजच्या विषयाचे निमित्तही मैदानाचेच आहे. आपल्या तरुण मंडळींनी कार्यकारिणीकडे एक अर्ज दिला आहे. समाजाच्या नावाने फुटबॉलचा संघ काढावा, त्यात केवळ आपल्याच मुलांना घ्यावे, आणि त्यासाठी समाजाच्या निधीतून रक्कम मंजूर व्हावी, अशी त्यांची मागणी आहे. ह्या अर्जावर मत देण्यापूर्वी हा खेळ आला कोठून, आणि निरनिराळ्या समाजांनी त्याला कसे वाढविले, हे पाहणे उचित होईल.

चेंडूला लाथ मारण्याची हौस मानवजातीइतकीच जुनी असावी. परंतु आजचा फुटबॉल ज्या देशात आकारास आला त्या इंग्लंडात प्रारंभी तो खेळ नव्हता, ती गावाची झोंबाझोंबी होती. डर्बीशायर परगण्यातील अ‍ॅशबर्न गावी लेंटच्या उपवासापूर्वीच्या मंगळवारी व त्यानंतरच्या बुधवारी हा प्राचीन प्रकार आजही खेळला जातो. गावातून हेनमोर नावाचा ओढा वाहतो. ओढ्याच्या एका तीरावर जन्मलेले ते 'वरचे' आणि दुसऱ्या तीरावर जन्मलेले ते 'खालचे'. दोन्ही गोल एकमेकांपासून सुमारे तीन मैलांवर असतात आणि शेकडो माणसे एका चेंडूवर तुटून पडतात. आपल्याकडील वरची आळी व खालची आळी ह्यांचीच ही इंग्रजी आवृत्ती म्हणावयाची! ह्या धुमाकुळाने शांतता भंगते म्हणून लंडनच्या नगरप्रमुखाने १३१४ साली शहरात फुटबॉल खेळण्यास मनाई केली होती. मनाई विस्मृतीत गेली, खेळ मात्र उरला.

एकोणिसाव्या शतकात हा खेळ श्रीमंतांच्या निवासी शाळांत शिरला. प्रत्येक शाळेचे नियम वेगळे. कोठे चेंडू हातात घेऊन पळणे संमत, तर कोठे प्रतिपक्षाच्या नडगीवर लाथ मारणे हा पुरुषार्थ. त्यामुळे दोन शाळांतील माजी विद्यार्थी एकत्र आले की खेळापेक्षा वादच अधिक होत. १८४८ साली केंब्रिज येथे समान नियमांचा एक प्रयत्न झाला, आणि १८५७ साली शेफील्ड येथे स्वतंत्र फुटबॉल क्लब निघाला. पुढे २६ ऑक्टोबर १८६३ रोजी लंडनमधील फ्रीमेसन्स टॅव्हर्न ह्या खानावळीत काही क्लबांचे प्रतिनिधी जमले व 'फुटबॉल असोसिएशन'ची स्थापना झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तेरा नियम ठरले. चेंडू हातात घेऊन पळणे व नडगीवर लाथ मारणे वगळले म्हणून ब्लॅकहीथचा क्लब रागावून निघून गेला. ज्यांना ते हवे होते त्यांचा रग्बी झाला, उरलेल्यांचा फुटबॉल झाला. सर्वांना मान्य असे नियम ठरल्यावाचून परक्याशी खेळता येत नाही, हा ह्या इतिहासाचा पहिला धडा होय.

दुसरा धडा त्याहून महत्त्वाचा आहे. नियम साहेबांनी केले, पण खेळ वाढविला तो कामकऱ्यांनी. १८५० च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीन कामगार ह्यांचे शनिवारचे काम दुपारी दोन वाजता थांबू लागले, आणि हळूहळू अर्ध्या शनिवारची सुट्टी इतर कामगारांसही मिळू लागली. सामने शनिवारी दुपारी तीनच्या सुमारास सुरू करण्याची जी रूढी पडली तिचे मूळ ह्या सुट्टीत आहे. मोकळा वेळ मिळताच माणसे कोणाभोवती जमली? जी संस्था जवळ होती तिच्याभोवती. बर्मिंगहॅममधील एका वेस्लियन प्रार्थनामंदिराच्या तरुणांनी १८७४ साली अ‍ॅस्टन व्हिला काढला. लिव्हरपूलच्या सेंट डोमिंगो प्रार्थनामंदिरातील मंडळींच्या संघाचा पुढे एव्हर्टन झाला. मँचेस्टरनजीक न्यूटन हीथ येथील रेल्वे कामगारांनी १८७८ साली काढलेला संघ तोच आजचा मँचेस्टर युनायटेड. वूलिच येथील तोफखान्याच्या कारखान्यातील कामगारांनी १८८६ साली स्थापिलेला संघ तो आर्सेनल, आणि टेम्स नदीकाठच्या जहाज बांधणाऱ्या लोखंडी कारखान्याच्या संघातून वेस्ट हॅम जन्मास आला. ज्या नावांचे सदरे आज आपली नातवंडे अंगात घालून मिरवितात, त्या नावांमागे गिरणीचा भोंगा आणि देवळाची घंटा आहे, हे त्यांस अवश्य सांगावे.

१८८३ साली इंग्लंडच्या चषकाच्या अंतिम सामन्यात एका बाजूस ईटन ह्या धनिकांच्या शाळेचे माजी विद्यार्थी होते, आणि दुसऱ्या बाजूस ब्लॅकबर्न ऑलिंपिक हा गिरणीगावातील विणकर व इतर कामगारांचा संघ होता. कामगारांनी तो सामना दोन विरुद्ध एक असा जिंकला. त्यानंतर हौशी साहेबांच्या संघास तो चषक पुन्हा कधीही मिळाला नाही. १८८५ साली खेळाडूस वेतन देण्यास मान्यता मिळाली, आणि १८८८ साली बारा क्लबांची लीग सुरू झाली. ते बाराही क्लब उत्तरेकडील व मध्य इंग्लंडातील औद्योगिक गावांचे होते. लंडनचा त्यांत एकही नव्हता.

येथवर ऐकून आपले तरुण म्हणतील, 'पहा गुरुजी, देवळाने संघ काढला, कारखान्याने काढला, मग आपल्या समाजाने का काढू नये?' प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपण स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरी जाऊ.

आयर्लंडातील दुष्काळामुळे देशोधडीस लागलेली कॅथलिक कुटुंबे ग्लासगोच्या पूर्व भागात दाटीवाटीने राहत होती. त्यांच्या मुलांना दोन वेळचे अन्न मिळत नसे. ब्रदर वॉल्फ्रिड नावाच्या एका धर्मबंधूंनी, आणि येथे आम्हांस सांगण्यास अभिमान वाटतो की तेही शिक्षकच होते, १८८७ च्या नोव्हेंबरात चर्चच्या सभागृहात सभा भरवून सेल्टिक क्लब स्थापिला. हेतू असा की सामन्यांच्या उत्पन्नातून गरीब मुलांच्या जेवणाची सोय व्हावी. मे १८८८ मध्ये सेल्टिकचा पहिला सामना झाला तो रेंजर्स ह्या शेजारच्या संघाशी, आणि सेल्टिकने तो पाच विरुद्ध दोन असा जिंकला. पुढे ह्या दोन संघांत शहर दुभंगले. सेल्टिक म्हणजे कॅथलिक व रेंजर्स म्हणजे प्रॉटेस्टंट, अशी वाटणी होऊन मैदानातील चुरस रस्त्यावरच्या वैरात उतरली.

परंतु ह्या दोघांत एक भेद होता, त्याकडे आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो. सेल्टिक कॅथलिकांनी कॅथलिकांसाठी काढला खरा, पण खेळाडू घेताना त्याने इतर पंथीयांना दार बंद केले नाही. रेंजर्सने मात्र कित्येक दशके जाणूनबुजून कॅथलिक खेळाडू घेण्याचे टाळले. ती प्रथा १९८९ साली मो जॉन्स्टन ह्या खेळाडूस घेतल्यावर मोडली, आणि तेव्हा त्यांच्याच काही पाठीराख्यांनी संतापाने गळपट्टे जाळले. उलट १९६७ साली लिस्बन येथे इटलीच्या इंटर मिलान संघास हरवून सेल्टिकने युरोपचा चषक जिंकला. असा पराक्रम करणारा तो ब्रिटनमधील पहिला संघ. त्या संघातील सारे खेळाडू सेल्टिकच्या मैदानापासून तीस मैलांच्या आत जन्मलेले होते, आणि त्यांचे गुरू जॉक स्टीन हे प्रॉटेस्टंट होते! संघाने शेजार सोडला नाही आणि पंथाचा आग्रह धरला नाही. ह्या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे ध्यानात घ्यावे.

आता स्वदेशी येऊ. आपल्याकडे फुटबॉल गोऱ्या सैनिकांबरोबर आला. सिमल्याकडे १८८८ साली ड्युरँड चषक, मुंबईत १८९१ साली रोव्हर्स चषक व कलकत्त्यात १८९३ साली आयएफए शिल्ड अशा स्पर्धा सुरू झाल्या, आणि प्रारंभी त्या पलटणीच जिंकीत. २९ जुलै १९११ ह्या दिवशी कलकत्त्यास मोहन बागान संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा दोन विरुद्ध एक असा पराभव करून शिल्ड जिंकली, तेव्हा साऱ्या हिंदुस्थानास हर्ष झाला. शिवदास भादुरी व अभिलाष घोष ह्यांनी गोल केले. अकरांपैकी दहाजण अनवाणी होते. बूट घातलेले एकटे सुधीर चटर्जी, आणि ते ख्रिस्ती होते. राष्ट्राच्या अभिमानाचा तो विजय एका धर्माच्या मंडळींनी मिळविलेला नव्हता.

मोहमेडन स्पोर्टिंग हा कलकत्त्याच्या मुसलमान समाजाचा क्लब. त्याने १९३४ पासून १९३८ पर्यंत सलग पाच वर्षे कलकत्त्याची लीग जिंकली. मागे पडलेल्या समाजास अशा यशाने किती धीर येतो, हे नाकारण्याचे कारण नाही. समाजाच्या संघात केवळ दोषच असतो असे आमचे मुळीच म्हणणे नाही. १९२० साली स्थापन झालेल्या ईस्ट बंगालची कथा अशीच उद्बोधक आहे. पूर्व बंगालमधील लोकांचा तो संघ. फाळणीनंतर घरदार गमावून आलेल्या निर्वासितांना कलकत्त्यात आपले म्हणावे असे जे थोडे उरले, त्यांत हा संघ होता. ह्या संघाची १९४९ च्या पुढची आघाडीची फळी 'पंचपांडव' म्हणून गाजली. व्यंकटेश, अप्पाराव, धनराज, अहमद खान व सालेह ही ती पाच नावे. हे पाचहीजण दक्षिणेकडील, एकही बंगाली नव्हे! तरी निर्वासितांनी त्यांस पोटच्या मुलांप्रमाणे मानले. संघ कोणाचा हे त्याच्यावर प्रेम करणारे ठरवितात, खेळाडूंची वंशावळ ठरवीत नाही.

भारतीय फुटबॉलचे वैभवाचे दिवस आठवले की हेच सत्य पुनः पुन्हा समोर येते. १९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियास चार विरुद्ध दोन असे हरविले आणि स्पर्धेत चौथे स्थान मिळविले. त्या सामन्यात तीन गोल करणारे नेव्हिल डिसोझा हे मूळचे गोव्याचे, मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळणारे. १९६२ साली जाकार्ता येथील आशियाई स्पर्धेत दक्षिण कोरियास दोन विरुद्ध एक असे नमवून भारताने सुवर्णपदक जिंकले. कर्णधार चुनी गोस्वामी बंगालचे, गोलरक्षक थंगराज दक्षिणेचे, तुळशीदास बलराम हैदराबादकडचे, फॉर्च्युनाटो फ्रँको गोव्याचे. डोक्यास टाके पडलेले असतानाही आघाडीस खेळून गोल करणारे जर्नेल सिंग पंजाबचे, दुसरा गोल प्रदीपकुमार बॅनर्जींचा. आणि ह्या सर्वांस एका सूत्रात गोवणारे सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे एक शाळामास्तर. त्यांनी जातिधर्म विचारून अकराजण निवडले असते, तर ते सुवर्णपदक भारतास दिसलेही नसते.

आपल्या मुलखातही ह्याची उदाहरणे आहेत. मुंबईत क्रिकेटचे सामने एके काळी धर्मवार होत. हिंदू, पारशी, मुसलमान, युरोपियन असे संघ. चर्मकार समाजातील पळवणकर बंधूंनी आपल्या कर्तृत्वाने त्या हिंदू संघात स्थान मिळविले, आणि १९२३ साली विठ्ठल पळवणकर त्याचे कर्णधार झाले. ही गोष्ट घडावयास किती वर्षे लागली व किती अपमान गिळावे लागले, हे जाणकारांस ठाऊक आहे. धर्माची भिंत उभारली की तिच्या आत जातीच्या आणखी भिंती निघतात. ती स्पर्धा १९४६ नंतर बंद पडली, हे इष्टच झाले.

ह्याउलट कोल्हापूरकडे पहा. तेथे फुटबॉल वाढला तो तालमींच्या अंगणात. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, ही पेठांतील तालमींची नावे. जेथे कुस्तीचा आखाडा तेथेच फुटबॉलचा संघ. शाहू स्टेडियमवर सामना असला की अवघी पेठ लोटते. चुरस कधी कधी हातघाईवर येते, ते अर्थातच गौण. परंतु तेथे मुलाची ओळख पेठेवरून होते, आडनावावरून नव्हे. ह्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली भारतात भरलेल्या सतरा वर्षांखालील जागतिक स्पर्धेत भारताकडून खेळला. तसेच नागपूरचे क्रीडाशिक्षक विजय बारसे ह्यांनी २००१ पासून झोपडपट्टीतील मुलांना फुटबॉलच्या द्वारे व्यसनांपासून व उनाडकीपासून दूर नेण्याचे कार्य आरंभिले. त्यांनी मुलांच्या पायात चेंडू दिला, जातीचा दाखला मागितला नाही.

आणखी एक गोष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे, कारण समोर आपल्या भगिनी व कन्या बसल्या आहेत. पहिल्या महायुद्धात इंग्लंडच्या प्रेस्टन गावी डिक-कर नावाच्या कारखान्यात दारूगोळा तयार करणाऱ्या मुलींनी १९१७ साली आपला संघ काढला. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूल येथे त्यांचा सामना पाहण्यास सुमारे ५३,००० लोक जमले. उत्पन्न धर्मादाय कार्यास जाई. परंतु ५ डिसेंबर १९२१ रोजी असोसिएशनने 'हा खेळ स्त्रियांस योग्य नव्हे' असे ठरवून आपल्या क्लबांची मैदाने त्यांना बंद केली. ती बंदी सुमारे पन्नास वर्षे टिकली. ज्या संस्थेने एके काळी समान नियम करून सर्वांस खेळावयास बोलाविले, तिनेच अर्ध्या समाजास दाराबाहेर उभे केले! तरुणांच्या अर्जात मुलींचा उल्लेख नाही. ह्याचे आम्हांस आश्चर्य वाटले नाही, खेद मात्र वाटला.

आता मूळ अर्जाकडे वळू. विरोधी पक्षाचा मुद्दा आम्ही प्रामाणिकपणे मांडतो. काही वडीलधारी मंडळी म्हणतात, 'समाजाचा पैसा समाजाच्या मुलांसाठीच. इतरांच्या मुलांचे आम्ही काय म्हणून करावे?' शिष्यवृत्तीच्या बाबतीत हे म्हणणे आम्हांस मान्य आहे. ज्या हेतूने दात्यांनी निधी दिला तो हेतू पाळलाच पाहिजे. वसतिगृहाच्या जागा, पुस्तकांची मदत, आजारपणाचे साहाय्य, ह्यांत गरजू ज्ञातिबांधवांस अग्रक्रम मिळावा. परंतु मैदान ही निराळी वस्तू आहे. शिष्यवृत्ती एका मुलास एकट्याने उपभोगता येते. फुटबॉल एकट्यास खेळता येत नाही. त्यास बावीस मुले लागतात, आणि त्यांतील अकरा नेहमीच आपली नसतात. आज आपण आपल्या नावाचा संघ काढला, तर उद्या शेजारच्या समाजाचा निघेल, परवा तिसऱ्याचा. मग गोल झाल्यावर आनंद खेळाचा राहणार नाही, एका जातीने दुसरीस हरविल्याचा होईल, आणि पराभव जातीच्या अपमानासारखा सलेल. ज्या वयात मुलांनी खांद्यावर हात टाकून घरी यावयाचे, त्या वयात आपण त्यांच्या हातात ओढ्याचे दोन तीर द्यावयाचे काय?

व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तरी हेच ठरते. आपल्या वस्तीत आपल्या समाजाची घरे थोडी. त्यांतून योग्य वयाची मुले निवडली तर गोलरक्षक मिळेल तर बचावपटू मिळणार नाही. चांगला खेळणारा शेजारचा मुलगा बाहेर उभा राहून पाहील, आणि आपला दुबळा संघ हरत राहील. मग वर्षभरात चेंडू कपाटात जाईल. असे अनेक चेंडू आम्ही शाळेच्या कपाटात पाहिले आहेत.

म्हणून आमची नम्र सूचना अशी. कार्यकारिणीने अर्ज फेटाळू नये, सुधारून मंजूर करावा. संघ अवश्य काढावा, खर्च समाजाने करावा, चेंडू, बूट, व खेळानंतर मुलांना दूध-केळी ह्यांची तजवीज करावी. ब्रदर वॉल्फ्रिड ह्यांनी मुलांच्या जेवणापासूनच आरंभ केला होता. परंतु संघास वस्तीचे नाव द्यावे, आणि वस्तीतील कोणत्याही मुलास त्यात मज्जाव नसावा. मुलींसाठी स्वतंत्र दिवस व स्वतंत्र संघ असावा. सरावाच्या मैदानाची स्वच्छता पाळीपाळीने सर्व खेळाडूंनी करावी. जमाखर्च दरवर्षी ह्या स्मरणिकेत छापावा. समाजाचे नाव कोठेच नको असे आम्ही म्हणत नाही. मैदानाच्या कोपऱ्यात पिण्याच्या पाण्याची टाकी बांधावी व तिच्यावर समाजाचे नाव कोरावे. तहानलेला मुलगा कोणाचाही असो, पाणी पिताना ते नाव वाचील. ह्याहून मोठा मान कोणत्या चषकाने मिळणार आहे?

तरुण मित्रांनो, तुमचा उत्साह आम्हांस मोलाचा वाटतो. समाजाविषयीचे तुमचे प्रेम खोटे आहे असे आम्ही क्षणभरही मानीत नाही. आमचे म्हणणे एवढेच की प्रेमाची कक्षा मैदानाच्या चुन्याच्या रेघेपाशी थांबू नये. समाज मोठा होतो तो आपल्या लेकरांना पोटाशी धरून आणि शेजाऱ्याच्या लेकरास दारात उभे न ठेवता. ह्या सूचनेवर कार्यकारिणीने येत्या सभेत साधकबाधक विचार करावा, ज्यांचे मत भिन्न असेल त्यांनी ते मोकळेपणाने मांडावे, आणि पावसाळा संपताच मैदानावर चुन्याची पहिली रेघ ओढली जावी, अशी आमची इच्छा आहे.